चिंचोक्याच्या खळीचा पडदा

खुशालला लुगडं नेसवून द्यायचं काम धुरपताकडे होतं. एकोडीच्या नाटक मंडळात राणीचं सोंग आठ वर्षं तोच घेत आला होता. आवाज बारीक, कंबर बारीक, आणि मिशी अशी की राखली काय आणि काढली काय, कोणाला कळायचं नाही. त्यानं स्वतः नेसलेलं लुगडं दुसऱ्या प्रवेशात सुटायचं आणि पोट्टे शिट्ट्या मारायचे, म्हणून निऱ्या बायकोनं घालून द्यायच्या.

त्या दिवशीही ती त्याच्या निऱ्या खोचत होती आणि ओसरीवर मंडळाचे कारभारी गोमाजी पाटील तोंड पाडून बसले होते. मंडई बावीस दिवसांवर आली होती. दिवाळी सरली की त्या मुलखात गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि सोयरेधायरे, रात्री नाटक. ज्या गावाचं नाटक पडलं, त्या गावाच्या पोरींना वर्षभर सासरी टोमणे खावे लागतात.

"साकोलीचा भैय्यालाल पेंटर फिरला," गोमाजी म्हणाले. "जंगलाचा पडदा यंदा दुसऱ्याले कबूल केला त्यानं. आपल्या नाटकाचा अर्धा खेळ जंगलात. आता राणी काय चावडीसमोर वनवास भोगल?"

"बांबूच्या डहाळ्या रोवू, काका," खुशाल म्हणाला.

"अठ्ठ्याहत्तर साली रोवल्या होत्या. अर्ध्या खेळात बकरीनं खाल्ल्या."

धुरपता निऱ्या सोडून उठली. दाराच्या चौकटीशी आली, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि म्हणाली, "पडदा मी रंगवीन."

नऊ वर्षांत त्या घरात वडीलधाऱ्या पुरुषासमोर तिनं तोंड उघडलं नव्हतं. गोमाजींनी आधी खुशालकडे पाहिलं, मग घाईघाईनं सत्यभामाबाईकडे पाहिलं. घरात नजर कोणाकडे वळवायची हे त्यांना ठाऊक होतं.

सत्यभामाबाई, म्हणजे खुशालची माय, सुपात तांदूळ पाखडत होती. नवरा गेला तेव्हा खुशाल चार वर्षांचा. सात एकर धानाची शेती, दोन बैलजोड्या आणि भांडखोर दीर, सगळं तिनं एकटीनं हाकलं होतं. महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेली बाई. घरात मासमच्छी सोडा, कांदा कापला तरी आधी विचारावं लागे. गावातले पुरुष तिच्या दारावरून जाताना बिडी मुठीत लपवायचे. तिनं सूप खाली ठेवलं नाही. पाखडतच राहिली.

बोलला तो खुशाल. "येडी झाली काय वं? बाईमाणूस पडदा रंगवते? लोकं तोंडात शेण घालतीन."

"तुमी लुगडं नेसून चार गावच्या लोकाईसमोर मुरका मारता, तवा लोकं काय घालते तोंडात?" धुरपता म्हणाली. "अन् म्या कोठ्यात बसून रंग लावला तं तेवढ्यानं तुमचं नाक जाते काय?"

गोमाजींना एकाएकी खोकला आला. अर्धं लुगडं नेसलेला खुशाल निऱ्या धरून उभा राहिला. धरल्या हातानं भांडणही करता येत नव्हतं.

आता धुरपताला हे येत होतं कुठून, तर माहेरातून. तिचं माहेर कारध्याचं, वैनगंगेच्या काठचं. तिच्या बापाचं अंगण मोठं, म्हणून दर साल दिवाळीआधी एक म्हातारा पेंटर महिनाभर तिथं मुक्काम ठोकायचा आणि आसपासच्या मंडळांचे पडदे रंगवायचा. आठव्या वर्षापासून त्याचे पुडीचे रंग, तांबडी हिरमंजी, पिवळी पेवडी, नीळ, वाटून द्यायचं काम धुरपताचं. बाराव्या वर्षी त्यानं तिच्या हाती कुंचा दिला. सोळाव्या वर्षी तो म्हणाला, आता झाडं तूच कर, माझा हात थरथरते. सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं. मग वर्षातून एकदा, दिवाळीला, सारवलेल्या भिंतीवर चार बोटं फिरवायची, तेवढं सासूनं चालवून घेतलं होतं. बाकी तीनशे चौसष्ट दिवस ती बोटं शेणात, राखेत आणि चिखलात.

सत्यभामाबाईनं सूप आपटलं. "मनात काय आहे ते सगळ्याईसमोर बोल, धुरपते. पडदा रंगवून तुले भेटल काय?"

"हा पडदा पार पडला तं मले साकोलीले जाऊ द्या. पाट्या, पडदे, देवळाच्या भिंती, मिळल ते काम करीन. पेंटर म्हून."

"अन् पोरी?"

धुरपताची नजर आत गेली. दोन पोरी, मोठी सात वर्षांची, धाकटी चारची.

"कापड मंडळाचं, पण नाक माह्या घराचं," सत्यभामाबाई म्हणाली. "म्हून आता माहा बोल आयक. गोमाजी, तुमी साक्षीले आहा. कापणीत एका दिवसाचा खाडा नाही. मंडईच्या दिवशी सकाळी मी मांडवात येऊन बसीन. पडदा सात डाव वर गुंडाळाचा, सात डाव खाली सोडाचा. रंगाचा एकही पोपडा नाही निघाला, तं साकोलीले जा, पोरी मी पाहीन. निघाला, तं कुंचा माह्या हाती आणून द्याचा. मंग दिवाळीले भिंतीवर बोटही फिरवाचं नाही."

सात वेळा का, तर नाटकात जंगल सात वेळा यायचं. बाई शाळेत गेली नव्हती, पण नाटकाचे प्रवेश तिला मोजता येत होते.

"कबूल," धुरपता म्हणाली.

गोमाजींनी मांजरपाटाचं कापड आणलं. गावच्या शिंप्यानं पट्ट्या जोडून ते सोळा हात रुंद आणि नऊ हात उंच केलं. बैल बाहेर बांधले, कोठा सारवला आणि बांबूच्या चौकटीवर कापड ताणलं. रंगाच्या पुड्या आणि सरस खुशालनं साकोलीहून आणून दिला. राजीखुशीनं नव्हे. गोमाजींनी दरडावलं म्हणून.

पुडीचा रंग कापडावर नुसता धरत नाही. त्यात चिकट काहीतरी लागतं, आणि पेंटर लोक सरस घालतात. धुरपतानं सरसाच्या वड्या रात्रभर भिजवल्या आणि पहाटे चुलीवर चढवल्या. तिनं वाटताना, ढवळताना हजार वेळा पाहिला होता सरस. तो कशाचा करतात हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

वास आधी सत्यभामाबाईला आला.

"माह्या चुलीवर काय शिजून राहिलं?"

"सरस. रंगात घालाचा."

"कशाचा असते तो?"

धुरपताला खरंच माहीत नव्हतं. माहीत होतं ते खुशालला, आणि त्याची जीभ नको तिथंच सैल व्हायची. तो दात घासता घासता म्हणाला, "हाडाचा, माय. जनावराचे खूर, कातडं, हे ते उकळून करते."

सत्यभामाबाई ओरडली नाही. तिनं पदरानं चुलीवरचा सरसाचा गंज धरला, तसाच उचलला, परसात नेला आणि उकिरड्यावर पालथा केला. भांडंही तिथंच टाकलं. मग चूल पाडली. नवी माती आणवून नवी चूल घातली, घर सारवलं, आंघोळ केली, आणि त्या दिवशी अन्नाला शिवली नाही. संध्याकाळी फक्त एवढं बोलली, "माह्या घरात हाडं शिजणार नाही. माह्या कोठ्यात हाडाचा पडदा राहणार नाही. बाकी बोल जसा होता तसाच आहे."

बाकी बोल तसाच म्हणजे सात वेळा, आणि पोपडा नाही. धुरपतानं रात्री पोरी निजल्यावर भिंतीला टेकून विचार केला. भांडून काही होणार नव्हतं. सासूचं चुकलं असंही तिला म्हणता येईना, कारण त्या चुलीवर तीही नऊ वर्षं त्याच सोवळ्यानं रांधत होती.

मग चिकट काय? चिंचोके. कोष्टी लोक सुताला खळ देतात तशी चिंचोक्याची खळ. दुसऱ्या दिवशी कापणीवरून येताना तिनं देवळामागच्या चिंचेखाली ओटीभर चिंचोके गोळा केले. भाजले, कुटून टरफलं पाखडली, पांढरी डाळ भिजवली, पाट्यावर वाटली आणि नव्या चुलीवर शिजवली. सासूनं येऊन वास घेतला आणि निघून गेली.

खळीत रंग कालवून धुरपतानं एका चिंधीवर लावला. वाळल्यावर रंग झकास दिसला. चिंधी बोटाभोवती गुंडाळली आणि कडकन आवाज आला. रंगाचे पापुद्रे मांडीवर पडले.

खळ पातळ केली तर रंग पुसून निघे. दाट केली तर तडके. असे तीन दिवस गेले. दिवसभर गुडघ्यात वाकून धान कापायचं, विळ्यानं आणि पात्यांनी बोटं चिरलेली, आणि संध्याकाळी त्याच बोटांनी गरम खळ घोटायची. चिरांत खळ भरली की डोळ्यांत पाणी यायचं. खुशाल तालमीला जाताना डोकावून म्हणायचा, "सोड ना वं. हारली म्हन अन् मोकळी हो." ती खळ घोटत राहायची. निऱ्या मात्र घालून देत होती.

चौथ्या दिवशी तिला आठवलं की कारध्याला जुन्या घराच्या चुन्यात गूळ घालत, म्हणजे चुना तडकत नाही. तिनं डब्यातला गुळाचा खडा घेतला, पाण्यात विरघळवला, खळीत घातला. चिंधी रंगवली, वाळवली, गुंडाळली. आवाज नाही, पापुद्रा नाही. कातड्यासारखी मऊ. ती कोठ्यात एकटीच हसली, आणि त्या रात्रीपासून जंगल उगवू लागलं.

जंगल तिनं तिला माहीत होतं तेच काढलं. मोहाची झाडं, ऐनाची खवल्याखवल्याची साल, तेंदूची झुडपं, बांबूची बेटं आणि मधून गेलेली पायवाट. तेरा दिवस. राजाचं सोंग घेणारा जागेश्वर एकदा पाहायला आला आणि बुचकळ्यात पडला.

"वहिनी, हरीण कुठी आहे?"

"पाणी प्याले गेलं."

"मोर नाही. धबधबा नाही. जंगलाच्या पडद्यात धबधबा पाहिजेच ना."

"तुमी तेंदूपत्त्याले नागझिऱ्याच्या जंगलात किती डाव गेले, भाऊ?"

"दर साल जातो ना."

"धबधबा पाहिला कधी?"

"नाही," जागेश्वर म्हणाला. "पण नाटकात असते." तो जाता जाता मात्र दारातून तीनदा मागं वळून पाहत होता.

मंडईला चार दिवस राहिले. पडदा पुरा झाला होता. आदल्या रात्री तिनं तो बांबूवर गुंडाळून कोठ्यात आडवा ठेवला होता. सकाळी कापणीला जाण्याआधी एकदा पाहावं म्हणून उलगडला, आणि तिचा हात जागच्या जागी थांबला.

जंगल हलत होतं. मुंग्या. लाल, बारीक, लाखांनी. मोहाच्या बुंध्यावरून वर, पायवाटेवरून खाली, रांगाच रांगा. जिथं रंग दाट, म्हणजे गूळ दाट, तिथं त्यांनी कुरतडून कापड पांढरं केलं होतं. एक अख्खं मोहाचं झाड खाऊन टाकलं होतं.

सत्यभामाबाई कोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली. कमरेवर हात ठेवून तिनं पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला.

"गूळ कोणाचा?"

"तुमच्या डब्यातला."

"तरीच म्हटलं डबा हलका कसा लागते." मग ती म्हणाली, "चार दिस आहे. बोल मोडाचा असन तं आत्ता सांग. गोमाजी दुसरं काही पाहतीन."

"मोडत नाही."

"मंग कापणीले चाल. ऊन चढून राहिलं."

धुरपता कापणीला गेली. दिवसभर विळा चालवला. तिसऱ्या प्रहरी खुशाल बांधावर आला, घामानं निथळत. सायकल बाभळीला टेकवली. इकडेतिकडे पाहून त्यानं बंडीच्या आतून कागदाची पुडी काढली.

"सरस आहे. भैय्यालालच्या दुकानाजवळून आणला. तळ्यावर जाऊन शिजव, कोणाले समजत नाही. मायले काय, सांगू रंगालेच वास येते थोडा."

पंधरवड्यापूर्वी हार म्हणणारा हाच माणूस. धुरपतानं पुडी हातात घेतली. चांगली वजनदार होती. शिजवायची, लावायची, आणि संपलं. पडदा सात काय सत्तर वेळा गुंडाळला असता.

तिनं पुडी परत दिली.

"काहून?"

"त्याईच्या कोठ्यात राहून त्याईले फसवू?"

"तुह्यासाठी एवढ्या उन्हात सायकल हाणली मी."

"हाणली ते चांगलं केलं. पन् हा नेऊन दे."

खुशाल चिडून सायकल घेऊन गेला. जाताना सायकलची साखळी पडली आणि त्यानं साखळीला शिव्या घातल्या.

संध्याकाळी ती कोठ्यात परतली तेव्हा मुंग्या तशाच होत्या. कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करून तिनं त्या हुसकल्या आणि कंदील घेऊन पडद्याचं नुकसान पाहत गेली. उजव्या कोपऱ्यात ऐनाचं एक झाड होतं. त्याच्यावर एकही कुरतडलेली जागा नव्हती. रंग जसाच्या तसा. तिनं तो कोपरा दुमडला. तडकला नाही. नख लावलं, निघाला नाही. ओल्या फडक्यानं घासलं, तरी निघाला नाही.

ते झाड कोणत्या दिवशी केलं, हे आठवत ती उभी राहिली. रंगवायला घेतल्याचा पाचवा दिवस. त्या दिवशी गूळ घातलाच नव्हता, कारण सासू घरातच होती. आणि त्याच दिवशी दिव्यात घालायचं जवसाचं तेल लवंडून खळीच्या भांड्यात पडलं होतं. रंग फेकायला जीव झाला नाही, म्हणून तिनं तेलासकट घोटून घोटून लावला होता.

जवसाचं तेल. त्या मुलखात धान निघालं की त्याच बांधीत जवस होतो. भाजी त्याच्यातच, दिवा त्याचाच. कारध्याच्या म्हाताऱ्यालाही हे माहीत नव्हतं.

पण जंगलात तेलाचं झाड एकच होतं. बाकी सगळं गुळाचं. वरून तेलाचा रंग लावला तरी खालचा गूळ मुंग्या आणणार आणि सुटणार. तेरा रात्रींचं काम होतं ते. एकेक पान घातलेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं चौकटीवरून पडदा सोडवला, डोक्यावर घेतला आणि गावाच्या बोडीवर गेली. बोडी म्हणजे लहान तळं. धुणं धुवायला आलेल्या बायका पाहत राहिल्या. धुरपतानं गुडघाभर पाण्यात उभं राहून पडदा पसरला आणि घासायला सुरुवात केली. हिरवं पाणी निघालं, मग तांबडं, मग काळं.

"बाई बाई, हे काय करून राहिली?" शेजारची रुखमिणी म्हणाली. "एवढं केलं अन् धुऊन टाकते?"

"धर ते टोक," धुरपता म्हणाली.

रुखमिणीनं टोक धरलं. दोघींनी पिळून कापड बोडीच्या बांधावर वाळत घातलं. पांढऱ्या कापडाच्या कोपऱ्यात ऐनाचं एकटं झाड उभं होतं, आणि धुरपता तशीच ओल्या लुगड्यानं कापणीला गेली, कारण खाडा करायचा नव्हता.

उरल्या तीन रात्री. पानं मोजायला वेळच नव्हता. तिनं खळ शिजवली, तेल थेंबाथेंबानं घालून हात दुखेतो घोटली, आणि कुंच्याऐवजी बांबूची ठेचलेली कांडी घेतली. एका फराट्यात बुंधा. चार फटक्यांत बेट. पायवाट तर तिनं तळहातानंच ओढली. पहिल्या जंगलात सगळं दिसत होतं, पण आत जावंसं वाटत नव्हतं. या जंगलात अर्धं काही दिसत नव्हतं, आणि पाहणाऱ्याची नजर पायवाटेनं आत शिरून मोहाच्या सावलीत कुठंतरी हरवत होती. तिलाही हे शेवटच्या पहाटे कळलं. ती मागं सरकून पाहत होती आणि धाकटी पोरगी डोळे चोळत येऊन म्हणाली, "माय, तिकडे कोण आहे?"

"कुठी?"

"आत."

मंडईच्या दिवशी सकाळी मांडवात पडदा चढवला. पोशाखाची तालीम होती, त्यामुळं खुशाल लुगडं नेसून, कुंकू लावून उभा. दोऱ्या जागेश्वरच्या हातात. गोमाजी उगीच इकडून तिकडे जात होते. सत्यभामाबाई समोर पोत्यावर मांडी घालून बसली. पडदा खाली आला तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

"हाण," ती म्हणाली.

पडदा वर गेला. खाली आला. "एक."

दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. धुरपता मांडवाच्या खांबाशी उभी होती. खांबाच्या सालपटात तिचं नख रुतलं होतं. चौथ्यांदा पडदा वर जाताना बांबू तिरपा झाला आणि कापड एका अंगाला चुरगळलं. गोमाजी डोळे मिटून उभे राहिले. खाली आला. काही नाही.

"चार," सत्यभामाबाई म्हणाली. "सरळ ओढ गा जागेश्वर. राजा ना तू?"

पाच. सहा. सातव्यांदा पडदा वर गेला आणि खाली सुटला. मधल्या शिवणीत, जिथं शिंप्यानं दोन पट्ट्या दुहेरी दुमडल्या होत्या आणि धुताना आतला गूळ निघाला नव्हता, तिथून रुपयाएवढा एक पोपडा सुटला. तो भिरभिरत खुशालच्या पायाजवळ पडला.

खुशालनं पाय पुढं केला. राणीनं लाजून पाऊल टाकावं तसा हलकाच, आणि वरून लुगड्याचा काठ सोडला.

"सात," सत्यभामाबाई म्हणाली. गोमाजींनी श्वास सोडला. जागेश्वर दोरी बांधू लागला.

धुरपता मंचावर चढली. नवऱ्यासमोर गेली. "पाय उचला."

"चूप ऱ्हा," खुशाल ओठ न हलवता म्हणाला. "झालं ना तुह्या मनासारखं. जाय घरी."

"उचला म्हटलं."

त्यानं पाय उचलला. तिनं वाकून पोपडा उचलला, खाली उतरली आणि सासूच्या तळहातावर ठेवला. सत्यभामाबाईनं तो उन्हात धरून उलटा सुलटा पाहिला.

"हारली," ती म्हणाली.

"हारली."

"अवो वहिनी, एवढासा तं आहे," गोमाजी पुढं आले.

"पोपडा म्हटलं होतं, गोमाजी. केवढा ते नाही म्हटलं."

धुरपता घरी आली. दोन कुंचे आणि बांबूची कांडी तिनं धुऊन पुसली, फडक्यात गुंडाळली आणि सासूच्या पेटीवर ठेवली. त्या रात्री गाव नाटकाला गेलं. ती गेली नाही. आढ्याकडे पाहत पडून राहिली. लांबून टाळ्या ऐकू आल्या, पण त्या राणीला होत्या की जंगलाला, हे घरातून कळायला मार्ग नव्हता.

कापणी संपली, बांधणी लागली. धुरपता बोलत होती, जेवत होती, काम करत होती. पण सारवताना तिची बोटं कुठं थांबत नव्हती. शेणाचा हात सरळ ओढायची, जसा कोणीही ओढतो. सत्यभामाबाई हे पाहत होती. ती काय पाहत नव्हती?

पाचव्या दिवशी दोन माणसं बैलबंडीनं आली. पिटेझरीची होती, जंगलाकडची. थेट सत्यभामाबाईच्या ओसरीवर आली, पाणी प्याली, आणि त्यातला वयस्क तेजराम म्हणाला, "बाई, तुमच्या गावच्या मंडईचा पडदा पाहिला. आमी जंगलात राहतो, पण तसं जंगल पडद्यावर कधी पाहिलं नाही. आमच्याही मंडळाले तसाच करून पाहिजे. गोमाजी पाटील म्हणे, भैय्यालाल पेंटरचा हात आहे तो. तं म्हटलं तुमचा पोरगा त्याले ओळखते, त्याच्याकडून शब्द टाकावा."

अंगणात धुरपता सडा घालत होती. तिचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

सत्यभामाबाईनं पानाचा डबा बाजूला ठेवला. "काय म्हणे गोमाजी?"

"भैय्यालालनं रंगवला म्हणे."

"भैय्यालाल." तिनं ते नाव असं उच्चारलं की जणू भाकरीत खडा लागला. "भैय्यालालनं या पडद्याले बोट लावलं नाही. त्याच्या बापाले जमलं नसतं. अठरा दिस माह्या घरात पाय टाकाले जागा नव्हती. माह्या चिंचोक्यानं, माह्या गुळानं, माह्या जवसाच्या तेलानं झाला तो पडदा. धान कापता कापता केला. एक डाव पुरा करून तळ्यात धुऊन टाकला अन् तीन रातीत पुन्हा केला. अन् बाईचा हात सांगाची लाज वाटते म्हून नाव भैय्यालालचं? गोमाजीले म्हणा, उद्या खुशालची राणी बी भैय्यालालच झाला होता म्हणून सांगा."

तेजराम गांगरला. "मंग कोणाचा हात आहे, बाई?"

"ते काय सडा घालून राहिली. माही सून आहे. धुरपता. पेंटर."

दोघांनी अंगणाकडे पाहिलं. धुरपता शेणाचं घमेलं हातात घेऊन उभी होती. ती सासूकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "आत्याबाई, मी बोल हारली आहे. कुंचा तुमच्या पेटीवर आहे."

अंगणात बैलांच्या गळ्यातली घंटा वाजली. इतकी वर्षं त्या बाईनं दिला शब्द कोणासाठी मागं घेतला नव्हता, दिरांसाठी नाही, पाटलासाठी नाही. तिच्या जबड्याची हाडं वरखाली झाली.

"बोल माहा होता," ती शेवटी म्हणाली. "मीच मोडीन. मले सांगाची गरज नाही." मग पाहुण्यांकडे वळून तिनं दमात घेतल्यासारखं म्हटलं, "चिंचोके तुमी आणाल. जवसाचं तेल तुमी आणाल, जुनं नाही, यंदाच्या घाण्याचं. काम तुमच्या गावात नाही, माह्या कोठ्यात होईल. पुढं साकोलीत तिची जागा झाली की मंग तिथं. पोरी मी पाहीन. अन् सरसाचं नाव काढाल तं बंडी फिरवा अन् जा."

"नाही काढत, बाई," तेजराम म्हणाला.

सत्यभामाबाई उठली, आत गेली. पेटीवरून फडकं उचललं, बाहेर आली आणि ते सुनेच्या हातात द्यायचं सोडून ओसरीच्या कठड्यावर ठेवलं. "हात धुऊन घे आधी," ती म्हणाली. "शेणाच्या हातानं धरशील."

धुरपतानं घमेलं खाली ठेवलं. रांजणावर जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत, नखांतलं काढून. पदराला पुसले. फडकं उचललं, सोडलं नाही, काखेत धरलं. मग ओसरीच्या पायरीशी आली, आणि पदर न ओढता तेजरामला विचारलं, "कापड किती हात आहे? अन् शिवण कुठून येते, मधून का कडेनं?"